क्लचमधली एअर निघता निघत नाही

या वेळच्या पत्रांत हायड्रॉलिक क्लचचे (पेडलचा जोर तारेऐवजी नळीतल्या ऑइलने, बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलने, पोचवणाऱ्या क्लचचे) प्रश्न एवढे आहेत की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. एकाच तक्रारीची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा) आणि स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सजवळचा) दोन्ही नवे बसवले. दोघांनी मिळून तासभर पेडल मारून एअर काढली. आता निपलमधून (स्लेव्हवरच्या एअर काढायच्या स्क्रूमधून) बुडबुडे येत नाहीत, तरी पेडल निम्म्यापर्यंत पोकळ जातं आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. नवा सिलिंडरच खराब निघाला असेल का?

उत्तर : शक्यता कमी. आधी एक हिशेब करून पाहा. मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १५.९ मिमी आणि पिस्टनची चाल ३० मिमी धरली, तर पेडलच्या एका पूर्ण दाबात जेमतेम ६ सीसी ऑइल पुढे सरकतं. मास्टरपासून स्लेव्हपर्यंतच्या नळीत, तिच्या जाडीनुसार आणि लांबीनुसार, १५ ते ३० सीसी मावतं. म्हणजे वरचा बुडबुडा खाली निपलपर्यंत यायला सलग तीन ते पाच पूर्ण दाब लागतात. दोन दाबांच्या मध्ये रेंगाळलात की तो बुडबुडा नळीतून परत वर चढतो. तुमच्या निपलमधून शुद्ध ऑइल येत असेल आणि हवा मात्र वरच्या टोकाला खाली-वर करत बसली असेल, हे अगदी शक्य आहे.

हिशेबाचा दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा. स्लेव्हचा बोअर २०.६ मिमी असेल तर ६ सीसी ऑइलने त्याचा पिस्टन साधारण १७.७ मिमी सरकतो. आत १ सीसी हवा राहिली, तर ती दाबली जाण्यातच यातले जवळजवळ ३ मिमी वाया जातात. क्लच पूर्ण सुटायला लागणाऱ्या चालीत एवढी शिल्लक बहुतेक गाड्यांत नसते. ब्रेकमध्ये थोडी हवा राहिली तरी पेडल नुसतं मऊ लागतं आणि काम रेटता येतं. क्लचमध्ये तेवढ्याच हवेने गिअर पडत नाही.

हवा अडकण्याच्या जागा तीन. पहिली मास्टरचं पुढचं टोक. बऱ्याच गाड्यांत मास्टर नाक वर करून बसवलेला असतो आणि ऑइलची नळी त्या नाकातूनच निघते. तिथली हवा मागच्या छिद्रातून ऑइलच्या टाकीत जाऊ शकत नाही, कारण ते छिद्र खाली पडतं. दुसरी जागा म्हणजे नळीचं वळण, इंजिनवरून किंवा बॅटरीच्या खालून जाताना जिथे ती आधी वर उठून मग खाली उतरते. तिसरी स्लेव्ह : निपल सर्वांत वर नसेल तर त्याच्यावर राहिलेली हवा कितीही पेडल मारलं तरी निघणार नाही.

म्हणून पेडल मारणं थांबवा आणि वरून सुरुवात करा. गाडीची मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मास्टरचं नाक आडवं किंवा किंचित खाली येईल एवढीच उंची पुरते. टाकीचं झाकण काढा, निपल बंद ठेवा आणि पेडल हाताने वरच्या वर १० ते १५ मिमी इतकंच, पटपट वीस-पंचवीस वेळा दाबून सोडा. टाकीत बारीक बुडबुडे येताना दिसतील. ते थांबले की दहा मिनिटं जाऊ द्या आणि पुन्हा एकदा करा. मास्टर अजून बसवायचा असता तर हेच काम वायसमध्ये सोपं झालं असतं : सिलिंडर वायसमध्ये आडवा धरायचा, निघण्याच्या तोंडाला लहान नळी लावून तिचं टोक टाकीत बुडवायचं आणि बोथट दांड्याने पिस्टन सावकाश दाबत राहायचं. पुढच्या वेळी नवा मास्टर कोरडा बसवू नका.

मग स्लेव्ह. तो बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाच्या) बाहेर, दोन बोल्टवर असेल तर बोल्ट काढून, नळी न सोडता, तो हातात घ्या. निपल उघडा आणि पिस्टन अंगठ्याने पूर्ण आत ढकला. आतली पोकळी कमीत कमी झाली की हवेला राहायला जागा उरत नाही. निपल बंद करा. पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्याने किंवा क्लॅम्पने बांधून टाका आणि निपल वरच्या बाजूला येईल असा स्लेव्ह टांगून ठेवा. या अवस्थेत पट्टा नसताना कोणी पेडल दाबलं तर पिस्टन, वॉशर, स्प्रिंग सगळं ऑइलसह बाहेर पडेल. आत बसलेल्या माणसाला हे दोनदा सांगा.

आता दोघांचं काम. निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग ५ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी घट्ट बसवा. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या दोन-तीन सेंटिमीटर नव्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं आणि बाटली निपलपेक्षा उंच ठेवलेली हवी, म्हणजे निघालेला बुडबुडा नळीतून वर जातो, परत निपलकडे येत नाही. वरचा माणूस पेडल एकदाच, सावकाश तळापर्यंत दाबून धरेल आणि ‘दाबलं’ म्हणेल. खालचा निपल पाव ते अर्धा फेरा उघडेल, ऑइलचा जोर संपायच्या आत बंद करेल आणि ‘बंद’ म्हणेल. त्यानंतरच पेडल वर. इथे बहुतेकांची गडबड होते. क्लचचं पेडल एरवी वर येतं ते मुख्यतः प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगने ऑइल मागे ढकलल्यामुळे. निपल उघडून ऑइल बाहेर गेलं की मागे ढकलणारं काही उरत नाही. शिवाय अनेक गाड्यांत पेडलला एक मदतीची स्प्रिंग असते, ती अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पेडल खालीच दाबून ठेवते. म्हणून दर वेळी पेडल हाताने किंवा पायाच्या चवड्याने वर ओढा, सावकाश, आणि मास्टर भरायला तीन-चार सेकंद द्या. झटक्याने ओढलंत तर पिस्टनच्या रबराच्या कडेवरून हवा आत शिरते.

दहा वेळा पेडल मारून मग धरायची सवय असेल तर ती सोडा. मारण्याने एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात, ऑइलला फेस येतो आणि तो फेस बाहेर काढणं कठीण. फेस झालाच असेल तर अर्धा तास गाडीला हात लावू नका.

पाच-सहा दाबांनंतर टाकी भरायची, चुकवायचं नाही. ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असेल तर क्लचला जाणारं तोंड बहुधा उंचावर असतं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, क्लच गळला तरी ब्रेकचं ऑइल शिल्लक राहावं म्हणून. त्यामुळे टाकी अर्धी दिसत असतानाही क्लच हवा ओढायला लागलेला असू शकतो. पातळी पूर्ण तळाला गेली असेल तर ब्रेकचीही एअर काढावी लागेल, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

प्रश्न : मदतीला कोणी नाही. एकट्याने करायची सर्वांत खात्रीची पद्धत कोणती? व्हॅक्यूम पंप घेतला आहे, पण बुडबुडे थांबतच नाहीत.

उत्तर : व्हॅक्यूममध्ये दिसणारे बुडबुडे बऱ्याचदा खोटे असतात. निपल सैल केलं की त्याच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि थेट नळीत दिसते. निपल काढून त्याच्या आट्यांवर, टोकाचा शंकू मोकळा ठेवून, टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि पाऊण फेऱ्याऐवजी पावच फेरा उघडा. फरक पडेल. तरी क्लचसाठी व्हॅक्यूमला आमची पहिली पसंती नाही.

पसंती उलट भरण्याला : खालून निपलमधून ऑइल ढकलायचं, हवा तिच्या स्वभावाप्रमाणे वर जाते आणि टाकीतून निघते. १०० मिलीची नवी सिरिंज आणि घट्ट बसणारी नळी एवढं पुरतं. टाकीतलं बरंचसं ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर ती उतू जाऊन रंगावर सांडेल. सिरिंज आणि नळी दोन्हींतली हवा काढून मगच निपलला जोडा, निपल अर्धा फेरा उघडा आणि अगदी हळू दाबा. १०० मिलीला दोन मिनिटं तरी घ्या. निपल बंद करूनच सिरिंज काढा. एक अट आहे : सिस्टिम जुनी, ऑइल काळं असेल तर आधी ते नेहमीच्या दिशेने बाहेर काढा. नाहीतर स्लेव्हच्या तळाशी बसलेला रबराचा गाळ तुम्ही मास्टरच्या बारीक छिद्रात नेऊन बसवाल.

टाकीला दाब देणारं यंत्र असेल तर १ बार पुरे. झाकण प्लॅस्टिकचं आहे, टाकीचे जोडही तसेच. जास्त दाबाने काम लवकर होत नाही, टाकी मात्र उखडते. काहीच साधन नसेल तर निपल उघडून, नळी लावून, नुसतं वाहू द्या. थेंब थेंब पडत राहतील, पंधरा-वीस मिनिटं लागतील. टाकी भरत राहा. नळीला वर उठणारं वळण नसेल तर एवढ्यानेही काम होतं.

प्रश्न : गाडीत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती आहे. क्लच प्लेटसोबत तोही बदलला. बाहेर निपलसारखं काही दिसत नाही.

उत्तर : नळी जिथे बेल हाउसिंगमध्ये शिरते तो जोड नीट पाहा. निपल त्या जोडावरच, रबरी टोपीखाली असतं. काही गाड्यांत निपल नसतंच, तारेची क्लिप असते : ती उचलून नळी पहिल्या खाचेपर्यंत काही मिलिमीटर बाहेर ओढली की तिथून ऑइल वाहतं, परत दाबली की बंद. क्लिप पूर्ण काढू नका. नळी निसटली तर आतला ओ-रिंग हरवतो. नळीच्या मार्गात चपट्या डबीसारखा डॅम्पर असेल तर त्याला वेगळं निपल आहे का तेही बघा. असलं तर आधी तिथली एअर काढा.

या प्रकारच्या स्लेव्हला घाई सोसत नाही. नवा भाग हातात आल्यावर दाबून पाहायचा मोह होतो. कोरड्या सीलवर पिस्टन खाली-वर केला की सीलची कड दुमडते आणि मग ऑइल आत गळतं. गिअरबॉक्स जागेवर घट्ट बसल्याशिवाय पेडलला पाय लावायचा नाही, कारण समोर प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्या नसतील तर पिस्टन सीलच्या पुढे निघून जातो. पहिले वीस दाब सावकाश, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आधी नुसतं वाहू देऊन मग पेडल.

बेल हाउसिंगखाली थेंब दिसायला लागले तर ते कशाचे आहेत हे ओळखायला एक थेंब पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल किंवा इंजिन ऑइल वर तरंगतं. मिसळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागणार, इलाज नाही. प्लेट बदलताना आतला स्लेव्ह ‘अजून चांगला आहे’ म्हणून तसाच ठेवणं म्हणूनच परवडत नाही.

प्रश्न : नवा मास्टर बसवल्यावर क्लच नीट सुटतो, पण गाडी गरम झाल्यावर घसरायला लागतो. प्लेट नवी आहे.

उत्तर : पुशरॉड (पेडलने मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब बसला आहे, असं समजून तपासायला लागा. पेडल पूर्ण वर असताना पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, तरच टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडं राहतं. रॉडमध्ये मोकळीक नसेल तर पिस्टन ते छिद्र झाकून बसतो. ऑइल तापून फुगलं की त्याला टाकीत परत जायला वाट नाही. मग ते स्लेव्हला ढकलतं, जणू कोणी पेडलवर पाय ठेवून बसलं आहे. आणि हो, अशा गाडीची एअरही नीट निघत नाही, कारण मास्टर भरतच नाही.

खात्री करायची असेल तर क्लच घसरत असताना गाडी थांबवून इंजिन बंद करा आणि मास्टरवरचा नळीचा जोड किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून क्लच पुन्हा पकडला तर दोष वर आहे. वर सैल करून काही होत नाही, पण खालचं निपल उघडल्यावर दाब सुटतो, असं झालं तर मधली रबरी नळी आतून सुजली आहे. ती दाब जाऊ देते, परत येऊ देत नाही. नळी बदला. सैल केलेल्या जोडामुळे एअर पुन्हा काढावी लागेल, ते गृहीत धरा.

रॉडची मोकळीक पेडलच्या टोकाशी हाताने दाबून मोजतात. अनेक गाड्यांत ती १ ते ५ मिमीच्या दरम्यान असते, अखेरचा शब्द गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेचा. लॉकनट सैल करून रॉड फिरवा, मोजा, लॉकनट कसा, आणि पुन्हा मोजा, कारण कसताना रॉड फिरतो.

प्रश्न : पेडल कडक आहे, एअर शंभर टक्के निघाली आहे, तरी गिअर पडत नाही.

उत्तर : मग एअर काढणं बंद करा आणि मोजपट्टी घ्या. बाहेरचा स्लेव्ह असेल तर त्याच्या रॉडवर खडूची खूण करा, दुसऱ्याला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि रॉड किती सरकला ते मोजा. सर्व्हिस पुस्तिकेत दिलेली चाल पूर्ण मिळत असेल, तर हायड्रॉलिकचं काम झालेलं आहे. दोष पुढे आहे : वाकलेला फोर्क (स्लेव्हचा जोर बेअरिंगकडे नेणारा दांडा), झिजलेला पिव्हट (फोर्क ज्यावर डोलतो तो टेकू), उलटी बसवलेली क्लच प्लेट, शाफ्टच्या खाचांवर गंजून अडकलेली प्लेट, किंवा जाम झालेलं पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं).

चाल कमी भरली तर तीन गोष्टी पाहा. पेडलची पिन आणि तिचं भोक झिजलं असेल तर ३० मिमीपैकी दोन मिमी तिथेच जातात. पेडल दाबताना मास्टर बसवलेला पत्रा पुढे वाकतो का, ते बाहेरून कोणालातरी बघायला सांगा. तिसरी गोष्ट नव्या भागाचा बोअर. २०.६ ऐवजी २२.२ मिमी बोअरचा स्लेव्ह बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो, बोल्टही जुळतात. पण तेवढ्याच ऑइलमध्ये चाल १७.७ वरून १५.३ मिमीवर येते. पेडल हलकं लागतं आणि माणूस खूश होतो. आकडा सिलिंडरच्या अंगावर ओतीव अक्षरांत असतो, जुना फेकण्याआधी जुळवून घ्या.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर प्रकार वेगळा. बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टरच्या आतलं रबर ऑइल मागे सोडतंय. पेडलच्या बाजूने मास्टरचं रबरी बूट उचलून बघा, तिथे ओल असेल तर शंका उरत नाही.

प्रश्न : ब्रेक ऑइलच्या डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ यांत कोणतं भरावं? अर्धा डबा मागच्या वर्षीचा आहे.

उत्तर : टाकीच्या झाकणावर लिहिलेलं. ही तिन्ही ग्लायकॉल जातीची आहेत, एकमेकांत मिसळली तरी रबराला इजा होत नाही. फरक उकळण्याच्या तापमानाचा. कोरड्या अवस्थेत किमान २०५, २३० आणि २६० अंश सेल्सिअस, आणि पाणी शोषल्यावर १४०, १५५ आणि १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात घालायचं नाही. झाकणावर खनिज तेलाची खूण असलेल्या काही गाड्या आहेत, त्यांची रबरंच वेगळी. त्यांत ब्रेक ऑइल किंवा ब्रेक ऑइलच्या गाडीत खनिज तेल गेलं तर सगळी रबरं बदलण्यावाचून गत्यंतर नाही. भाग पेट्रोलने किंवा डिझेलने धुणाऱ्यांनाही हेच लागू.

मागच्या वर्षीचा उघडा डबा वापरू नका. ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डबा बंद दिसला तरी. उतारावर किंवा गर्दीत गाडी तापल्यावर पेडल पोकळ होतं आणि थंड झाल्यावर आपोआप नीट होतं, अशी तक्रार करणारी दोन पत्रं याच अंकासाठी आली आहेत. नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर त्यातलं पाणी वाफ होतं. त्या दोघांनीही सगळं ऑइल बदलावं आणि नळीवरचं उष्णतारोधक आवरण जागेवर आहे का ते पाहावं. एका पूर्ण कामाला अर्ध्या लिटरचा नवा डबा पुरून उरतो.

प्रश्न : फक्त क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलायची आहे. एअर काढावी लागेल का?

उत्तर : बाहेरचा स्लेव्ह असेल आणि नळी सोडली नाही तर नाही. स्लेव्ह बाजूला तारेने टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका, पिस्टन बांधा. टाकीची पातळी मात्र शेवटी पाहा. प्लेट झिजत जाते तशा प्रेशर प्लेटच्या पाकळ्या बेअरिंगकडे सरकतात, स्लेव्हचा पिस्टन मागे जातो आणि ऑइल टाकीत चढतं. ब्रेकच्या बरोबर उलट. नवी प्लेट बसल्यावर पातळी थोडी उतरलेली दिसेल. ती गळती नाही, खुणेपर्यंत भरा.

प्रश्न : काम झालं हे कसं ठरवायचं?

उत्तर : इंजिन आयडलवर, हँडब्रेक लावलेला, पुढे-मागे मोकळी जागा. पेडल तळापर्यंत दाबा, चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रचना) नसतो, त्यामुळे क्लच जराही ओढत असेल तर हाच गिअर आधी करकरतो. आवाज न होता पडला, गाडी जागची हलली नाही, आणि पेडल एकदा दाबलं काय किंवा सलग चारदा दाबलं काय, त्याच उंचीवर पकडलं, तर काम झालं. चौथ्या दाबाला उंची वाढत असेल तर हवा अजून आत आहे. निपल कसताना जोर लावू नका. ७ ते १० न्यूटन-मीटर पुरतात आणि लहान निपल आत तुटलं तर अख्खा स्लेव्ह बदलावा लागतो. निपलची रबरी टोपी परत लावा. रंगावर ऑइल सांडलं असेल तर फडक्याने पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, टाकीची पातळी आणि स्लेव्हखालची जमीन एकदा पाहा.